उजव्या बाजूचा फोटो

माझे पती मंगळवारी सकाळी गेले. घोडीला पाणी पाजून ते ओट्यावर बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर आले आणि गेले. दुपारपर्यंत दिराने सगळं उरकलं. संध्याकाळी घोडी खिंकाळली, तेव्हा तिला वैरण टाकायची राहिली आहे हे लक्षात आलं.

वैरण किती टाकायची हे मला माहीत नव्हतं. घोडी त्यांची होती. मी तिच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आले होते, रस्त्यावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. त्या संध्याकाळी दिराने घासाच्या दोन पेंढ्या तिच्यापुढे सोडल्या, बादली ठेवली आणि तोंडाने शीळ घातली. ती पाणी प्यायली. घरात बायका बसल्या होत्या. शिळेचा आवाज ऐकून त्यातल्या एकीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तो आवाज माझ्या पतींचाच वाटला असणार. मलाही वाटला.

आमच्या भागात बैल पाणी पीत असला की माणूस शीळ घालतो. शीळ ऐकली की जनावर निवांत पितं, असं म्हणतात. माझे सासरे बैलांसाठी घालायचे. बैल गेले, ट्रॅक्टर आला आणि शीळ तशीच उरली, ती माझ्या पतींनी घोडीला लावली. लावली म्हणजे इतकी की शिळेशिवाय ती बादलीत तोंड घालेना.

ते नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल. दोघेही निवृत्त झाल्यावर आम्ही घोडेगावपासून जवळच, त्यांच्या वाटणीला आलेल्या शेतातल्या घरात राहायला आलो. दिराचं घर एका बांधापलीकडे. आम्हाला मूल नव्हतं. नोकरीत असताना ते जुन्या सायकलवरून कंपनीत जायचे, आणि सायकल चालवताना आपण घोड्यावर आहोत असं समजायचे, हे त्यांनी मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मी हसले नाही. मीही कपाटांमधून फिरताना काय काय समजत असे.

घोडी त्यांनी मोबाईलवरच्या जाहिरातीतून घेतली. घोड्यांच्या खरेदी-विक्रीचे ग्रुप असतात. दिवसभर त्यात फोटो पडत राहतात, खाली मजकूर आणि नंबर. ते या ग्रुपमध्ये शिरले तेव्हापासून सकाळचा चहा म्हणजे जाहिरातींचं वाचन झालं. ते वाचायचे, मी ऐकायचे. काही दिवसांत आम्हाला त्या भाषेचा अर्थ लागू लागला. घोडी ‘अतिशय शांत’ असेल तर ती म्हातारी आहे किंवा आजारी. ‘चालीला तेज’ म्हणजे आवरत नाही. ‘घरगुती अडचणीमुळे विकणे’ असं असेल तर अडचण बहुधा त्या घोडीचीच. प्रत्येक घोडी सात वर्षांची असायची. कुणाचीही घोडी आठ वर्षांची होत नसे.

“हे सगळं तुझ्या लायब्ररीत कुठल्या कपाटात ठेवशील?” त्यांनी एकदा विचारलं.

मी म्हटलं, कथा-कादंबऱ्यांच्या. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे ते चहाच्या वेळी म्हणायचे, आज नवीन कादंबरी कोणती आली बघू.

इतकं कळत असूनही त्यांनी एक जाहिरात खरी मानली. फोटोत तांबूस घोडी उभी होती, कपाळावर पांढरा टिळा, मान वर. खाली लिहिलं होतं: सात वर्षे, शांत, बँडला घाबरत नाही, लहान मूलही बसू शकते. ते म्हणाले, आपल्याकडे मूल नाही, त्यामुळे शेवटचं तपासता येणार नाही, बाकीचं तपासू. टेम्पोतून घोडी उतरली तेव्हा दिराने तिचा जबडा उघडून दात पाहिले आणि म्हणाला, अकरा वर्षांची तरी असेल. त्याच आठवड्यात गावातून वरात गेली. बँडचा पहिला ठोका पडला आणि घोडी दावं तोडून उसात शिरली. दुसऱ्या दिवशी ते तिच्यावर बसले आणि तिने त्यांना पाडलं. कपडे झाडत ते मला म्हणाले, “जाहिरात खरी आहे. मी लहान मूल नाही, म्हणून पाडलं.”

त्याच दिवशी दिराला तिच्या डाव्या डोळ्याखालचा भोवरा दिसला. घोड्याच्या अंगावरचे केस कुठे कुठे गोल फिरलेले असतात, तो भोवरा. कुठला शुभ, कुठला अशुभ, हे घोडेवाल्यांचं मोठं शास्त्र आहे. डोळ्याखालचा सगळ्यात वाईट. आसवं जिथून ओघळतात तिथे तो असतो, म्हणून असं जनावर मालकाच्या घरात रडं आणतं, अशी समजूत. आम्ही जाहिरातीतला फोटो पुन्हा काढून पाहिला. तो उजव्या बाजूने काढलेला होता. डावी बाजू कुठेच नव्हती. मग आम्ही इतर फोटो पाहायला लागलो, आणि ज्या घोड्यांची एकच बाजू दिसते त्यांच्या दुसऱ्या बाजूला काय असेल यावर बरेच दिवस चहा प्यायलो.

दिराचं म्हणणं होतं, परत पाठवा. माझ्या पतींनी टोपी काढून डोकं त्याच्यापुढे केलं.

“माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत. आई म्हणायची, याला दोन बायका होणार. झाल्या का? एकीतच पुरेवाट झाली.”

दीर हसला. मीही हसले. घोडी राहिली. ते पुढे तिच्यावर बसायला शिकले, म्हणजे ती त्यांना बसू द्यायला शिकली. चार वर्षं सकाळी बांधाबांधाने कॅनॉलपर्यंत जायचे आणि परत यायचे. घोडी कधी पळाली नाही. त्यांनाही पळवायची नव्हती.

तेरावा झाल्यावर घर रिकामं झालं. दीर सकाळ-संध्याकाळ येऊन घोडीचं करत होता. त्याची शेती, दुभती जनावरं, हे सगळं सांभाळून तो येत होता, आणि काही बोलत नव्हता. एक दिवस बोलला. घोडी उभी ठेवून कुणाचं भलं नाही, खाणारं जनावर आहे, चांगल्या घरी गेली तर बरं. त्याचं बरोबर होतं. मला तिच्या जवळ जायची भीती वाटायची. मी जाहिरात देते म्हणाले. त्याला वाटलं, ग्रुपवरचे इतर लोक देतात तशी देईन.

मी ती दोन दिवस लिहिली. घोडी ज्या घरी जाईल त्या घराला ती कशी आहे हे आधीच ठाऊक असावं, एवढंच मला हवं होतं. न सांगता गेली तर पहिल्या वरातीला मार खाईल, मग पुन्हा विकली जाईल, पुन्हा सात वर्षांची होऊन. माझ्या पतींनी खोटं वाचून घोडी घेतली, पण मारली नाही. पुढचा माणूस तसा निघेल याची खात्री नव्हती. म्हणून मी सगळं लिहिलं. वय पंधराच्या आसपास. बँडला घाबरते, वरातीसाठी उपयोगी नाही. अनोळखी माणसाला सुरुवातीला बसू देत नाही. शीळ घातल्याशिवाय पाणी पीत नाही. डाव्या डोळ्याखाली भोवरा आहे. माझ्या पतींचे निधन झाल्यामुळे विकणे आहे. फोटो दोन दिले, दोन्ही बाजूंचे. डाव्या बाजूचा फोटो मीच काढला. दीर दोरी धरून उभा होता, आणि मी कुठून फोटो काढते आहे हे त्याने नीट पाहिलं नाही.

ग्रुपवर टाकल्यावर मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी मी काही नीट लिहिलं होतं.

पहिल्या दिवशी काही फोन आले, ते शिळेबद्दल थट्टा करायला. एकाने विचारलं, शीळ कुठली घालायची, जुन्या गाण्याची की नव्या? मग फोन थांबले. मला वाटलं, खरं वाचून लोक विचार करत असतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दीर आला. तो घोडीकडे गेला नाही. ओट्याखाली उभा राहून त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. माझ्याच जाहिरातीचा फोटो काढून कुणीतरी दुसऱ्या ग्रुपवर टाकला होता. शेवटच्या दोन ओळींभोवती लाल गोल. वर लिहिलं होतं: भोवरा बघा, मालक गेला, सावध राहा. ते कुठून कुठे फिरून परत गावात आलं होतं. दिराला ते त्याच्या मेव्हण्याने पाठवलं होतं.

“वहिनी, तुमी ह्या दोन गोष्टी एकाखाली एक कशाला लिवल्या?” तो म्हणाला.

मी जाहिरात पुन्हा वाचली. त्या ओळी त्याच क्रमाने होत्या. भोवरा आहे. पती गेले. दोन्ही खरं होतं. मी आयुष्यभर पुस्तकं शेजारी-शेजारी लावत आले आणि शेजाराने काय होतं हे मला कळायला हवं होतं. दोन खरी वाक्यं मी एकाखाली एक ठेवली आणि त्यांच्यामधल्या कोऱ्या जागेत वाचणाऱ्यांनी तिसरं वाचलं. ग्रुपवरच्या कुठल्याच जाहिरातीने इतक्या लोकांची इतकी फसवणूक केली नसेल.

मी दिराला विचारलं, तुम्हाला तसं वाटतं का? त्याने मोबाईल खिशात घातला. मग म्हणाला, “मला काय वाटायचंय. पन लोक म्हनत्यात.” आणि जायला वळता वळता, “दादाला सांगितलं हुतं मी. परत धाडा म्हनलं हुतं.”

यापूर्वी त्याने हे कधी काढलं नव्हतं. तेराव्यापर्यंत घरात एवढी माणसं येऊन गेली, घोडीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. कदाचित कुणाच्या मनात असेल, कदाचित नसेल. पण ते लिहून काढलं मी. त्यानंतर जाऊ माझ्याकडे येईनाशी झाली. तिची सून गरोदर होती. दीर घास कापून बांधावर ठेवू लागला, अलीकडे येत नव्हता. मी त्याला दोष देत नाही. ज्याच्या घरात कुणी यायचं आहे, तो माणूस घाबरणारच.

घास बांधावरून मी आणायला लागले. पाण्याचा प्रश्न राहिला. बादली ठेवून मी लांब उभी राहायचे, घोडी बादलीकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि मान फिरवायची. मला शीळ येत नव्हती. लहानपणी एकदा घातली तर आईने तोंडावर हात ठेवला होता. मुलींनी घालायची नसते. त्या वयात राहिलेली गोष्ट मी या वयात शिकायला बसले. ओठ कोरडे पडायचे, नुसती हवा निघायची. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं, ही एक सोय होती. शेवटी एक बारीक, वाकडा सूर निघाला. घोडीने कान माझ्याकडे वळवले. त्यांच्या शिळेशी त्याचं काही साम्य नव्हतं. ती जरा वेळ तशीच उभी राहिली आणि मग प्यायली.

पुढे एका शुक्रवारी, घोडेगावचा बाजार उठल्यावर, एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. त्याने ती लाल गोलाची जाहिरात पाहिली होती आणि त्यामुळेच आला होता. घोडी स्वस्तात मिळणार हे त्याला कळलं होतं, आणि त्याने ते लपवलंही नाही. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. घोडीला हात लावायच्या आधी त्याने तिला हात हुंगू दिला. ते पाहून मला धीर आला.

घोडी नेण्याआधी तिची जाहिरात इथेच करून घेतो म्हणाला, घर-अंगण मागे चांगलं दिसतं. मग मी माझ्या डोळ्यांसमोर ती जाहिरात तयार होताना पाहिली. त्याने ओल्या फडक्याने तिची उजवी बाजू पुसली, तशी ती चकाकली. तिला ओट्याजवळच्या उंचवट्यावर उभी केली आणि स्वतः खाली उकिडवा बसला, म्हणजे ती उंच दिसेल. मग मला बोलावलं.

“मॅडम, दोरी तुमी धरा. बाईमाणसानं धरली की घोडी शांत दिसती.”

मी दोरी धरली. तिच्या इतक्या जवळ मी तोवर कधी उभी राहिले नव्हते. तिचा श्वास माझ्या मनगटावर येत होता. त्याने फोटो काढले, तिथेच बसून अंगठ्याने मजकूर लिहिला आणि वाचायला दिला. नंबर माझा टाकला होता. बाईचा आवाज ऐकला की गिऱ्हाईक भरवसा ठेवतं, घोडी त्याच्याकडे येऊन बघा असं मी त्यांना फोनवर सांगायचं, असं त्याचं म्हणणं.

मी वाचलं. घोडी सात वर्षांची होती. शांत होती, बँडला घाबरत नव्हती, लहान मूलही बसू शकत होतं. शेवटी लिहिलं होतं: मालक परगावी गेल्यामुळे विकणे आहे.

मी ती ओळ पुन्हा वाचली. फोन त्याला परत द्यायचा हे विसरून वाचत राहिले. त्या मजकुरात घोडी तरुण होती, उसात शिरली नव्हती. कुणी ओट्यावर बसलं नव्हतं. मालक परगावी गेले होते, आणि परगावी गेलेला माणूस कुठेतरी जेवत असतो, कुणाशी तरी बोलत असतो. आम्ही चहा पिताना इतक्या जाहिराती वाचल्या, पण लोक त्यांवर विश्वास का ठेवतात हे मला तेव्हा कळलं. त्यांना फसायचं नसतं. त्यांना त्या ओळीत राहायला जायचं असतं.

मी त्याला विचारलं, भोवऱ्याचं काय?

तो म्हणाला, त्याचा बंदोबस्त आहे. सळई तापवायची आणि तेवढ्या जागेवर टेकवायची. खपली धरते, केस जातात, भोवरा राहत नाही. शिंगरू असताना तार लागली म्हणून सांगायचं. त्याने हे दुधात पाणी घालावं तसं साध्या आवाजात सांगितलं.

“डोळ्याच्या इतक्या जवळ?” मी विचारलं.

“हात बसलाय माझा,” तो म्हणाला.

घोडी माझ्या शेजारी उभी होती. दोरी अजून माझ्याच हातात होती. मी तिचा डावा डोळा पाहिला. त्याखालचे केस गोल फिरून मध्ये एका ठिपक्यात मिटले होते, लहान मुलाच्या डोक्यावर असतात तसे. माझ्या पतींच्या डोक्यावर असे दोन होते. तेल लावताना मी ते कितीदा पाहिले असतील. मी म्हटलं, सळई लावायची नसेल तर न्या. आहे तशी न्या.

तो रागावला नाही. उठून गुडघे झाडले.

“बाई, तुमी खरं लिवलं आन घोडीचं वाटोळं झालं. माझ्या खोट्यानं ती कुठंतरी दावणीला लागंल, खाईल. आता सांगा, कुणाची जाहिरात बरी?”

मी दोरी सोडली नाही. तो टेम्पोचं दार उघडून उभा राहिला. मी विचार बदलेन असं त्याला वाटलं असावं. मग म्हणाला, अशी तर तिला कुणी नेणार नाही. आता ही तुमच्याच दारात म्हातारी होणार. आणि टेम्पो वळवून गेला.

त्या दिवशी मी माझी जाहिरात काढून टाकली. लाल गोल काढलेली मात्र मला काढता येत नाही. ती कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे. व्यापाऱ्याने त्याची जाहिरात ओट्याजवळ बसूनच टाकली होती, आणि ती काढायला तो विसरला किंवा त्याने ठेवली. तीही फिरते. त्यामुळे आमच्या घोडीच्या आता दोन जाहिराती आहेत. एकीत तिने मालक खाल्ला आहे आणि दुसरीत मालक परगावी आहेत.

दुसरी वाचून लोक फोन करतात. अजून करतात, लांबून लांबून. घोडी विकायची नाही, असं मी सांगते. काही जण ऐकत नाहीत. बाईमाणूस आहे, हिला काय कळतंय, असं त्यांना वाटत असावं. ते विचारतात, मालक आहेत का? मी म्हणते, नाहीत. मग विचारतात, कधी येणार? पहिल्यांदा कुणी हे विचारलं तेव्हा मी फोन ठेवून दिला होता. आता उत्तर देते.

“काही सांगून गेले नाहीत,” मी म्हणते. ते खरं आहे.

दिराची सून बाळंत झाली. मुलगा झाला, सगळं सुखरूप आहे. दीर अजून घास बांधावरच ठेवतो, पण हल्ली माझी वाट बघत तिथे उभा राहतो. बाळाचं वजन किती झालं ते सांगतो, घोडी खाते का विचारतो. मी खाते म्हणते. मग आम्ही आपापल्या घराकडे वळतो.

सकाळी मी अजून दोघांचा चहा टाकते आणि एक कप ओतून देते. जाहिराती वाचत नाही. घोडीवर कुणी बसत नाही. तिला खरारा करताना मी आधी डावी बाजू घेते, मग उजवी.

ते नाहीत. घोडी आहे. मी बादली ठेवते, शीळ घालते, ती पाणी पिते.